न आलेल्या चित्रपटाची वाट : सत्यजित राय यांचा ‘द एलियन’

एखाद्या नामवंत दिग्दर्शकाने नवा वैज्ञानिक रहस्यपट हाती घेतला आहे, अशी वार्ता एकदा प्रसिद्ध झाली की, चित्रपट तयार होण्याच्या कितीतरी आधी त्याच्याविषयीची कीर्ती तयार होते. कथानक काय हे कोणासच ठाऊक नसते. परंतु चित्रपट अपूर्व होणार, याविषयी मात्र कोणास शंका नसते. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘इन्सेप्शन’ २०१० च्या जुलैत पडद्यावर आला. त्याची पहिली झलक २००९ च्या ऑगस्टमध्येच दाखविण्यात आली होती, आणि तीवरून कथेचा थांग लागू नये अशीच तिची रचना होती. त्याच दिग्दर्शकाच्या ‘टेनेट’चे काही चित्रीकरण २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईस झाले व डिंपल कापडिया यांना त्यात महत्त्वाची भूमिका मिळाली, तेव्हा आपल्याकडील उत्कंठेस साहजिकच भरती आली. पुढे साथीच्या रोगामुळे प्रदर्शनाची तारीख वारंवार लांबली, आणि परदेशांत २०२० च्या ऑगस्टअखेर झळकलेला हा चित्रपट भारतात डिसेंबरात आला. इतकी वाट पाहून चित्रपटगृहात गेलेल्यांपैकी अनेकांची पहिली तक्रार अशी की, पात्रांचे संवादच धड ऐकू येत नाहीत!

आम्ही ज्या व्यवसायात आहोत तेथे पुरावा आधी आणि निकाल मागाहून, असा क्रम आहे. चित्रपटसृष्टीत हा क्रम उलटला आहे. निकाल आधी लागतो, पुरावा वर्षा-दोन वर्षांनी सादर होतो, आणि तो निकालाशी जुळला नाही म्हणजे प्रेक्षक स्वतःस फसविले गेल्याचे समजतो. वास्तविक त्याला दुसऱ्या कोणी फसविलेले नसते. त्याने स्वतःच एक चित्रपट मनात काढलेला असतो, आणि पडद्यावरचा चित्रपट त्याच्याशी जुळत नाही एवढेच.

तथापि प्रतीक्षा ही गोष्ट सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. गोव्यातील देवळांच्या जत्रांना होणाऱ्या नाटकांची ज्यांना सवय आहे त्यांना प्रतीक्षेचा निराळा प्रकार ठाऊक आहे. ‘सौभद्रा’त पुढे काय होणार हे मंडपातील पोरासोरांसही माहीत असते, सुभद्रा अखेर कोणास मिळते याची चिंता कोणी करीत नाही. तरीही लोक पालखीपासून जागत बसतात. ते कथेसाठी बसत नाहीत. यंदाचा अर्जुन कसा गातो, कृष्णाचा विनोद कसा वठतो, यासाठी बसतात. कीर्तनाच्या उत्तररंगाचेही तसेच आहे. ही प्रतीक्षा जाणत्याची आहे. उलट रहस्यपटाची प्रतीक्षा अज्ञानावर पोसलेली असते. जितके कमी सांगावे तितकी ती वाढते. म्हणून अशा चित्रपटाविषयी लिहिणाऱ्याने ‘केव्हा येणार’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘कशासाठी वाट पाहावी’ हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर शोधावयास आम्हांस एक असे उदाहरण घ्यावेसे वाटते की, ज्यात वाट पाहणे पुष्कळ झाले, पण चित्रपट आलाच नाही. ते उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांचा ‘द एलियन’.

या प्रकरणाचे मूळ एका बालमासिकात आहे. राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली सुरू केलेले ‘संदेश’ हे मासिक मध्यंतरी बंद पडले होते. १९६१ साली राय यांनी ते पुन्हा चालू केले व त्यासाठी स्वतः कथा लिहू लागले. १९६२ साली त्यात ‘बंकुबाबूर बंधू’, म्हणजे ‘बंकुबाबूंचा मित्र’, ही कथा आली. बंकुबाबू हे खेड्यातील गरीब शाळामास्तर. गावातील प्रतिष्ठितांच्या संध्याकाळच्या बैठकीत त्यांची रोज टवाळी होते आणि ते ती मुकाट्याने सोसतात. एके रात्री घरी परतताना त्यांना दुसऱ्या ग्रहावरील एक प्राणी भेटतो. तो त्यांना भिववीत नाही. उलट माणसाने इतके दबून राहणे बरे नव्हे, एवढेच जाणवून देतो. दुसऱ्या दिवशी हा भित्रा मास्तर बैठकीत ताठ मानेने उभा राहतो. कथा एवढीच आहे. परंतु परग्रहावरून येणारा म्हणजे पृथ्वी जिंकावयास येणारा शत्रू, अशी ज्या काळी परदेशी चित्रपटांची ठरीव रीत होती, त्या काळी एका बंगाली लेखकाने त्याला शाळामास्तराचा मित्र करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे आर्थर क्लार्क यांच्याशी राय यांचा परिचय झाला. क्लार्क त्या वेळी स्टॅन्ली क्युब्रिक यांच्याबरोबर ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटात गुंतलेले होते, तो चित्रपट १९६८ साली आला. राय यांच्या मनातील कल्पना क्लार्कना आवडली, त्यांनी ती सिलोनमधील आपले सहकारी माईक विल्सन यांच्या कानी घातली, विल्सन उत्साहाने कलकत्त्यास आले, आणि १९६७ साली राय यांनी पटकथा लिहून पुरी केली. कोलंबिया पिक्चर्स या अमेरिकन कंपनीने पैसा घालण्याची तयारी दाखविली. पीटर सेलर्स या नटाने भूमिका करण्याची इच्छा दर्शविली. ‘पथेर पांचाली’चा दिग्दर्शक हॉलिवुडच्या साधनांनी वैज्ञानिक चित्रपट काढणार, ही वार्ता त्या काळच्या रसिकांस केवढी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

चित्रपट निघाला नाही. पण पटकथा व तिच्यासंबंधीची कागदपत्रे २०१८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. तेव्हा या खटल्यात प्रत्यक्ष साक्षीदार नसला तरी लेखी पुरावा उपलब्ध आहे, आणि वाट पाहणाऱ्यांनी कशाची वाट पाहिली हे आज तपासता येते.

बंगालमधील मंगलपूर नावाचे खेडे. भोवतालच्या मुलखात अवर्षण पडलेले. तेथील कमळांच्या तळ्यात एका रात्री आकाशातून अंतराळयान उतरते व बुडते. वर राहतो तो फक्त त्याचा कळसासारखा शेंडा. सकाळी गावकरी पाहतात तो पाण्यातून सोनेरी शिखर वर आलेले! त्यांची खात्री पटते की, पूर्वी कधीतरी तळ्याच्या तळाशी गेलेले देऊळ आपण होऊन प्रकट झाले आहे. ते हात जोडतात, फुले आणतात, पूजा सुरू करतात. त्याच सुमारास बजोरिया नावाचा एक धनाढ्य उद्योगपती दुष्काळी भागात विहिरी खोदविण्याचे पुण्यकर्म करीत असतो. या शिखराची वार्ता कळताच त्याला निराळेच पुण्य दिसू लागते : तळे उपसावे, देवळास संगमरवर लावावा आणि आपल्या नावाची पाटी बसवावी. त्याचा अमेरिकन अभियंता डेव्हलिन याला त्या वस्तूत केवळ धोका दिसतो. कलकत्त्याहून आलेल्या मोहन नावाच्या पत्रकाराला बातमी दिसते. आणि हाबा या नावाच्या, फळे चोरून व भीक मागून जगणाऱ्या पोराला एक सवंगडी मिळतो.

परग्रहावरचा हा पाहुणा दिसतो कसा? डोके मोठे, हातपाय काटकुळे, अंगावर मांस नाही. उपाशी निर्वासित पोराचा भास व्हावा, असे त्याचे रूप राय यांनी योजिले होते. आमच्या मते सबंध पटकथेचे मर्म येथे आहे. १९४३ चा दुष्काळ आणि १९४७ ची फाळणी ज्या शहराने पाहिली, त्या शहरातील कलावंताने आकाशातून येणाऱ्या अपरिचिताची कल्पना करावयास घेतली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचे निर्वासित पोर उभे राहिले. दूरचा पाहुणा दिसतो आपल्याच दारातल्या उपाशी मुलासारखा. आणि ज्या गावात तो उतरतो तेथील असेच एक मूल त्याला प्रथम ओळखते. यंत्रे, तबकड्या, किरण यांच्या गर्दीत ही एक गोष्ट परदेशी वैज्ञानिक चित्रपटांच्या रांगेत ‘द एलियन’ला वेगळी जागा देऊन गेली असती.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. गावकरी यंत्राला देऊळ समजून पुजतात, यात भाविकांची थट्टा नाही काय? राय यांचे इतर चित्रपट पाहता ही शंका अधिकच बळावते. ‘देवी’त (१९६०) सासरा सुनेला देवीचा अवतार ठरवितो आणि त्यात त्या मुलीचा सर्वनाश होतो. ‘गणशत्रू’त (१९८९) देवळातील तीर्थ दूषित झाले आहे असे सांगणाऱ्या डॉक्टरावर गाव उलटते. या दोन चित्रपटांच्या मधली कडी म्हणून ‘द एलियन’कडे पाहणारे पाहतीलही.

आम्हांस ते मान्य नाही. ‘देवी’तल्या सासऱ्याची चूक एका जिवंत मुलीचे आयुष्य गिळते; मंगलपूरच्या गावकऱ्यांची चूक कोणाचेही नुकसान करीत नाही. त्यांनी वस्तूचे नाव चुकविले, इतकेच. जे आपल्या समजुतीपलीकडचे आहे, जे वरून आलेले आहे, त्यापुढे आधी हात जोडावे, ही वृत्ती मात्र चुकलेली नाही. पटकथेतील शहाणी माणसे पाहा : एकाला त्यात मिळकत दिसते, दुसऱ्याला शत्रू दिसतो, तिसऱ्याला मजकूर दिसतो. या तिघांपेक्षा फुले घेऊन आलेली म्हातारी सत्याच्या अधिक जवळ आहे, असेच पटकथा वाचताना वाटते. राय यांचा उपहास आहे तो पाटीच्या लोभावर. ज्या देवळांच्या सभामंडपात फरशीच्या प्रत्येक तुकड्यावर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, तेथे दर्शनास जाणाऱ्या आम्हां सर्वांना हा उपहास परका वाटू नये. देवळाचे तळे उपसून त्यावर स्वतःचे नाव घालू पाहणारा बजोरिया हा भाविक नव्हे, हे देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना पटवून देण्याची गरज नाही.

याचा अर्थ पटकथा निर्दोष आहे असा नव्हे. हा पाहुणा खेळकरपणाने अवेळी आंबे पिकवितो, वाळलेले शेत डोलावयास लावतो, इथवर ठीक; पण चितेवरच्या मृताचे डोळे उघडावयास लावतो तेथे खेळ आणि विटंबना यांतील रेषा फार बारीक होते. राय यांच्या हाताने ती सांभाळली असती असे आम्ही मानतो. परंतु मानणे आणि पाहणे यांत अंतर आहे. अमेरिकन अभियंता सगळ्या अपरिचितावर सुरुंग लावू पाहणारा, हे चित्र ढोबळ आहे. बजोरियाची भूमिका सेलर्ससारख्या विनोदी नटास द्यावयाची होती. त्यात माणूस हरवून केवळ लकबी उरण्याचा धोका होताच. वाट पाहणारा हे दोष धरीत नाही, कारण न पाहिलेल्या चित्रपटात दोष नसतात. टीकाकाराने ते धरले पाहिजेत.

आता हे सर्व कशाने फिसकटले, ते पाहू. राय यांनी १९८० साली ‘द स्टेट्समन’मध्ये ही हकीकत स्वतः लिहिली. तीप्रमाणे, ते हॉलिवुडला पोहोचले तेव्हा त्यांच्या पटकथेच्या सायक्लोस्टाइल प्रती आधीच तेथे फिरत होत्या, आणि त्या प्रतींवर स्वामित्वहक्क माईक विल्सन व सत्यजित राय असा दोघांच्या नावे दाखविलेला होता. पुढे कंपनी विल्सन यांना वगळून काम करावयास तयार होती, सेलर्स यांचे मन पालटले, पत्रव्यवहार लांबत गेला, आणि राय यांचा उत्साह मावळला.

कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणात दोन निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला प्रश्न संयुक्त कर्तृत्वाचा. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार, दोघांच्या सहकार्याने निर्माण झालेल्या ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून निराळा काढता येत नाही, तीच संयुक्त कृती. लेखकाशेजारी बसणे, त्याची कंपनीशी गाठ घालून देणे, हे उपयुक्त असेल. ते कर्तृत्व नव्हे. पहिल्या पानावर नाव टंकलिखित केल्याने कोणी ग्रंथकार होत नाही. पण असे नाव दूर करावयास जो काळ आणि जे मनःस्वास्थ्य खर्ची पडते, ते कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गाजलेला. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ प्रदर्शित झाला. एका मुलाचा मित्र झालेला, कुरूप पण प्रेमळ असा परग्रहावरचा पाहुणा त्यात आहे, आणि त्याच्या सामर्थ्याने सुकलेली फुले टवटवीत होतात. क्लार्क यांनाच हे साम्य प्रथम जाणवले व त्यांनी राय यांस तसे कळविले. अमेरिकेत आपल्या पटकथेच्या प्रती उपलब्ध नसत्या तर हा चित्रपट संभवला नसता, असे मत राय यांनी बोलून दाखविले; स्पीलबर्ग यांनी हा आक्षेप नाकारला. राय न्यायालयात गेले नाहीत.

गेले असते तर काय झाले असते? आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या दाव्यात या विषयाचा कस लावला आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाचे म्हणणे होते की, ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे. न्यायालयाने दावा फेटाळला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. त्यांची मांडणी ज्या विशिष्ट रूपाने झाली त्या रूपावर तो असतो. आणि दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंशय ठसा उमटला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. या कसोटीवर, अवर्षणग्रस्त मंगलपूर, कमळांचे तळे, कळस, पूजा, संगमरवर हे एकीकडे, आणि कॅलिफोर्नियातील उपनगर, बाप सोडून गेलेले घर हे दुसरीकडे, असे दोन ताटांत मांडले असता वादीची बाजू अवघड झाली असती, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. ‘द एलियन’मध्ये जे खरोखर राय यांचे होते ते ‘ई. टी.’मध्ये आलेलेच नाही.

मग राय यांचे गेले काय? आमच्या मते येथे झालेली हानी चोरीहून निराळी आणि कायद्याच्या कक्षेबाहेरची आहे. ‘ई. टी.’ जगभर पाहिला गेल्यानंतर राय यांनी आपला चित्रपट काढला असता, तर जगाने त्यालाच नक्कल म्हटले असते. वीस वर्षे आधी सुचलेली गोष्ट वीस वर्षे मागची ठरली असती. ती पहिल्याने सांगण्याची वेळ निघून गेली, आणि तिच्यासाठी वाट पाहणाऱ्यांची उत्कंठाही दुसऱ्याच चित्रपटाने भागवून टाकली. याला कोणत्याही कलमाखाली भरपाई नाही. कलावंतांनी लेखी करार वेळीच करावेत, पटकथेची प्रत कोणाच्या हाती द्यावी याचा विचार करावा, हा वकिली सल्ला आम्ही देऊ. पण त्याने या दुःखाचा परिहार होईल असे म्हणणार नाही.

राय मात्र वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी आजोबांच्या कथेवरून ‘गुपी गाइने बाघा बाइने’ काढला (१९६९) व बंगालातील आबालवृद्धांनी तो डोक्यावर घेतला. १९८० च्या ‘हीरक राजार देशे’मध्ये तर प्रजेची बुद्धी धुऊन काढणारे यंत्र आणि ते बनविणारा शास्त्रज्ञ आहे. हॉलिवुडच्या द्रव्यावाचून, गाण्यांतून आणि बालकथेतून, त्यांची वैज्ञानिक कल्पना पडद्यावर आलीच. ज्यांनी केवळ ‘द एलियन’चीच वाट पाहिली, त्यांना हे दिसले नसेल.

येथे आपल्याकडील एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आद्याक्षरे उलटवून त्यांनी ते नाव घेतले, आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहवून घेतली. कोल्हापुरात जन्मलेला हा शास्त्रज्ञ त्या वेळी जगन्मान्य होता. परीक्षकांवर नावाचे दडपण पडू नये, एवढाच हेतू. २०२५ साली नारळीकर निवर्तले, तेव्हा त्यांच्या विज्ञानाइतकेच या वृत्तीचे स्मरण अनेकांना झाले. आज दिग्दर्शकाचे नाव आधी येते आणि त्या नावावर महिनोन्‌महिने उत्कंठा पोसली जाते. नारळीकरांनी नाव काढून घेतले आणि कथेला एकटीला परीक्षेस बसविले. चित्रपटात हे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. शेकडो लोकांचा उद्योग निनावी चालत नाही. पण प्रेक्षकाला ते मनातल्या मनात करता येते.

नवा वैज्ञानिक रहस्यपट येत असल्याची पुढची वार्ता येईल, तेव्हा वाचकांनी अवश्य उत्सुक व्हावे. मात्र यंत्रे किती, खर्च किती, रहस्य किती, यांपेक्षा एवढे विचारावे : अपरिचित जेव्हा दारात उभा राहील, तेव्हा या चित्रपटातील माणसे त्याच्याशी कशी वागतील? आणि ती माणसे आमच्या ओळखीची असतील काय? ‘द एलियन’विषयी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात, आणि चांगली मिळतात. राय १९९२ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०५२ सालच्या अखेरपर्यंत, त्यांच्या लेखनाचे हक्क त्यांच्या वारसांकडे राहतील. तोपर्यंत किंवा त्यानंतर कोणी तो चित्रपट काढील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पटकथा वाचावयास मात्र कोणाच्या प्रदर्शनाची तारीख लागत नाही. ती वाचावी, आणि पुढच्या वेळी देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर बसाल तेव्हा पाण्यातून कळस वर आल्याचे क्षणभर मनात आणून पाहावे. आपण फुले आणू, की पाटी, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.